टँकरबरोबर चिठ्ठी हवी

मैल्याच्या खताला आपल्या लोकांनी 'सोनखत' हे नाव दिलं. जेवताना ज्याचा उल्लेखही करू नये, त्याला थेट सोनं म्हणायचं! शब्दांत रमणारा माणूस म्हणून मी या नावाला नेहमीच सलाम करत आलो आहे. आणि ते नुसतं गोड बोलणं नव्हतं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करून दाखवलं. भंगीकामाचं ओझं एकाच समाजाच्या डोक्यावर राहू नये, ही त्यामागची तळमळ. खड्डा, माती, पालापाचोळा आणि काही महिन्यांची सबुरी, एवढंच त्याचं तंत्र.

आज मैला आहे, सबुरी मात्र उरलेली नाही. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या गावांतून, नगरांतून घरोघरी शौचालयं झाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण घराखालची टाकी भरली की टँकर बोलवायचा आणि पाइप गुंडाळून तो निघून गेला की विषय संपला, अशी आपली समजूत आहे. टँकर जातो कुठे? कधी नाल्यात, कधी गावाबाहेरच्या पडीत, तर कधी शेतात. टँकरवाल्याला डिझेल वाचवायचं असतं. शेतकऱ्याला डीएपीच्या पोत्याचा भाव परवडत नाही आणि इथे काळंभोर खत फुकटात बांधावर येतं. दोघांचंही भागतं. यात कुणी गुन्हेगार आहे असं मला वाटत नाही.

पण त्या ओल्या गाळात काय असतं, ते एकदा नीट पाहू या. नत्र असतो, स्फुरद असतो, सेंद्रिय कर्ब असतो. आपल्या उपाशी जमिनीला हवं ते सगळं असतं. त्याबरोबर जंतांची अंडीही असतात. ही अंडी मोठी चिवट. जमिनीत ती महिनोन् महिने, सोयीची जागा मिळाली तर वर्षानुवर्षं जिवंत राहतात. टँकर रिकामा झालेल्या वावरात निंदायला अनवाणी उतरते ती मजूर बाई. तिची पोरं बांधावर खेळतात. त्याच वाफ्यातली मेथी आणि सांबार बाजारातून आपल्या ताटात येतं. यावर इलाज सोपा आहे. ढीग नीट रचून आतली उष्णता पंचावन्न अंशांवर काही दिवस टिकवली किंवा गाळ दीड-दोन वर्षं झाकून ठेवला, की बहुतेक अंडी मरतात. म्हणजे पुन्हा सबुरीच!

दुसरी गोष्ट मात्र सबुरीनेही जात नाही. शहराच्या गटारात नुसता मैला नसतो. बॅटरीची दुकानं, गॅरेजं, मुलामा देणारे छोटे कारखाने, दवाखाने, सगळ्यांचं पाणी तिथे मिळतं. सांडपाण्याच्या प्रकल्पात पाणी स्वच्छ होतं, ते त्यातली घाण गाळात बसते म्हणून. शिसं, कॅडमियम बहुतांशी त्या गाळातच राहतात. हे धातू कुजत नाहीत, उडून जात नाहीत.

थोडा हिशेब करू. आपल्याकडच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा आहेत: एका किलोत कॅडमियम पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, शिसं शंभरपेक्षा जास्त नको. समजा, गाळ या मर्यादेत अगदी काठावर बसतो आणि आपण एकराला दरवर्षी चार टन वाळलेला गाळ टाकतो. वर्षाला वीस ग्रॅम कॅडमियम जमिनीत गेलं. एकराच्या वरच्या वीतभर थरात साधारण आठ लाख किलो माती असते. चाळीस वर्षांत तिच्या प्रत्येक किलोमागे एक मिलिग्रॅमची भर पडते. युरोपने १९८६ साली गाळाच्या वापराबाबत जो निर्देश काढला, त्यात मातीतल्या कॅडमियमची मर्यादा एक ते तीन मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणजे सगळं नियमात बसवूनही एका शेतकऱ्याच्या हयातीत जमीन त्या रेषेला टेकते. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कॅडमियम धरून ठेवलं जातं, पिकात लवकर उतरत नाही, हे खरं. पण धरून ठेवणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. नातवाच्या नावावर सातबारा होईल तेव्हा हे कॅडमियमही त्याच्या वाट्याला येईल.

आता मेख पुढेच आहे. या मर्यादा विकल्या जाणाऱ्या खताच्या. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ छापलेलं असतं, बियाण्याच्या पिशवीला लेबल असतं. टँकरला काहीच नसतं, कारण तो खत विकतच नाही. तो घाण नेतो! २०१७ साली केंद्राचं मैला व्यवस्थापनाचं धोरण आलं. आपल्या राज्यात वाई आणि सिन्नरसारख्या गावांनी मैल्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया केंद्रं उभारली. वाईत तर टाकी तुंबण्याची वाट न पाहता ठराविक वर्षांनी पाळीपाळीने उपसण्याची पद्धत घातली. हे जमू शकतं, एवढं त्यातून दिसलं.

नियम केला म्हणून निश्चिंत व्हावं, असंही नाही. अमेरिकेने १९९३ साली गाळाचे तपशीलवार नियम केले. धातू मोजले, जंतू मोजले. मेन नावाच्या राज्यात सरकारी परवान्याने गाळ शेतांवर गेला. पुढे तिथल्या काही शेतांत न चिकटणारी भांडी आणि पाणी न धरणारे कपडे यांच्यासाठी वापरली जाणारी, कधीच न विरणारी रसायनं सापडली. ती विहिरींत, दुधात उतरली. दूध ओतून द्यावं लागलं, काहींची शेती मोडली. २०२२ साली त्या राज्याने शेतात गाळ टाकण्यावर बंदीच घातली. त्या रसायनांकडे कुणाचं लक्षच नव्हतं, म्हणून ती मोजलीही गेली नव्हती.

आपल्यालाही एक धडा मिळाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस मुठीमुठीने गळू लागले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्याचा मैल्याच्या गाळाशी संबंध जोडण्याचं कारण नाही. पण कुठल्या मातीतलं काय कुणाच्या अंगात गेलं, हे मागाहून शोधणं किती अवघड असतं, ते त्या गावांनी पाहिलं.

म्हणून माझी मागणी लहान आहे. शेतावर येणाऱ्या प्रत्येक टँकरबरोबर आणि गाळाच्या प्रत्येक ट्रॉलीबरोबर चिठ्ठी असावी. गाळ कुठून आला, किती दिवस कुजवला, तपासणीत काय निघालं, कुठल्या गटात किती टाकला, एवढं तिच्यावर लिहिलेलं असावं. तिची एक प्रत शेतकऱ्याकडे राहावी, एक नगरपालिकेत. दुसरं, शेतकऱ्याला मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात. त्यात जस्त आहे, तांबं आहे. कॅडमियम आणि शिसं नाही. जिथे गाळ पडतो, तिथल्या पत्रिकेत या दोन ओळी वाढवाव्यात. हे होईपर्यंत भाजीच्या वाफ्यात ओला मैला घेऊ नका. घ्यायचाच असेल तर आधी वावराच्या कोपऱ्यात, विहिरीपासून दूर, खड्डा करा. कुटार घाला, माती लोटा आणि दोन पावसाळे जाऊ द्या.