खेळणं मुलीचं, हौस बाबांची



१९५२ सालची गोष्ट. लंडनमधल्या एका शाळेत नियम होता की घरून खेळणं आणायचं असेल तर ते काडेपेटीत मावलं पाहिजे. त्या शाळेतल्या एका मुलीचे वडील, जॅक ओडेल, लेस्नी नावाच्या कंपनीत भागीदार होते. ओतकामात तरबेज माणूस. त्यांनी पितळेचा एक इवलासा रोडरोलर घडवला, काडेपेटीत घातला आणि लेकीच्या हातात दिला. वर्गातल्या बाकीच्या पोरांनी घरी जाऊन काय हट्ट धरला असेल, ते सांगायला नको. पुढच्याच वर्षी 'मॅचबॉक्स' गाड्या बाजारात आल्या आणि त्यातली एक नंबरची गाडी रोडरोलरच होती.

बापानं मुलांसाठी काहीतरी ठोकून जोडून दिलं आणि त्याचा कारखाना झाला, असं खेळण्यांच्या धंद्यात बऱ्याचदा घडलंय. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी एका मांसाच्या आयातदाराकडे नोकरीला होते. त्यांनी आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांना सारख्या अंतरावर भोकं पाडली आणि नटबोल्टनं जोडून क्रेन, पूल असं काय काय करून दिलं. १९०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेच पुढे मेकॅनो. आणि एत्तोरे बुगाटींचं तर विचारूच नका. त्यांच्या 'टाइप ३५' या गाडीनं त्या काळात शर्यती गाजवल्या होत्या. १९२६ मध्ये त्यांनी धाकट्या मुलासाठी, रोलांसाठी, तिची निम्म्या मापाची, बॅटरीवर चालणारी गाडी बनवली. रोलां तेव्हा चार वर्षांचा. श्रीमंत गिऱ्हाइकांनी ती पाहिली आणि आपल्याही मुलांसाठी मागितली, म्हणून बुगाटींनी ती चक्क विकायला काढली.

आता मला सांगा, चार वर्षांच्या पोराला गाडीचा रेडिएटर अस्सल बुगाटीच्या आकाराचा आहे की नाही, याचं काही सोयरसुतक असेल का? ती हौस बापाची. ओडेलांचं निराळं. तिथे अट मुलीच्या शाळेतून आली होती आणि कारागिरी बापाकडून. या दोन प्रकारांतला फरक मला खेळण्यांच्या इतिहासातून नाही कळला. तो आमच्या गॅलरीतून कळला.

आमच्या गॅलरीत एकेकाळी तुळस होती, कपड्यांच्या दोऱ्या होत्या. तुळस अजून आहे, पण तिच्याशेजारी आता एक टेबल आहे, टेबलाला लावलेला छोटा शेगडा आहे, छोटं ड्रिल आहे आणि माझ्या हरवलेल्या सगळ्या नेलपेंटच्या बाटल्या आहेत. आमच्या मुलीचे, मुक्ताचे बाबा, म्हणजे माझे यजमान, खेळण्यातल्या गाड्या बदलतात. दुकानातून आणलेली गाडी आहे तशी ठेवायची नाही. ती उघडायची, रंग उडवायचा, चाकं बदलायची, आणि तिच्यातून दुकानात न मिळणारी गाडी काढायची.

या नादाचं मूळ थोडं त्या गाड्यांतच आहे. मॅटेल कंपनीनं १९६८ मध्ये 'हॉट व्हील्स' बाजारात आणल्या तेव्हा पहिल्या सोळा गाड्या होत्या. त्यांतल्या बहुतेकांची डिझाइन्स करणारे हॅरी ब्रॅडली हे जनरल मोटर्ससारख्या खऱ्या मोटारींच्या कंपनीतून आलेले. कॅलिफोर्नियात तेव्हा तरुण मंडळी आपल्या गाड्यांचे टप खाली आणायची, मागची चाकं मोठी बसवायची, झगझगीत रंग द्यायची. ब्रॅडलींनी तेच सगळं बोटभर गाड्यांत उतरवलं. म्हणजे पाकिटातून निघणारी गाडी मुळातच कुणाच्या तरी हौसेनं बदललेली. मग आमच्याकडच्या माणसाला वाटणारच, की एकदा बदलली, तर अजून एकदा का नको?

शिवाय एका गोष्टीवर त्यांचा कायमचा राग आहे. या गाड्या १:६४ मापाच्या म्हणवल्या जातात, पण पाकीट सगळ्यांचं एकाच आकाराचं. त्यामुळे बस असो की छोटी मोटार, दोघींची लांबी जवळजवळ सारखी. "ट्रक आणि फियाट एका लांबीचे कसे गं?" असं ते मला रात्री साडेअकराला विचारतात. मी काय उत्तर देणार?

काम कसं चालतं ते सांगते, कारण ते बघायला मला आवडतं, हे कबूल करायला हवं. गाडी उलटी केली की बुडाला दोन रिव्हेट दिसतात. ड्रिलनं त्यांची डोकी हळूच उडवायची. मग वरचं धातूचं अंग, काच, सीटं आणि खालचं बूड असे चार भाग सुटे होतात. अंग असतं जस्ताच्या मिश्रधातूचं. त्याचा कीस नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क बांधायचा, हा मी घालून दिलेला नियम. मग रंग उडवायच्या द्रावणात ते बुडवायचं. थोड्या वेळानं रंग सुरकुततो आणि जुन्या दातघासणीनं घासला की राखाडी धातू उघडा पडतो. त्यावर प्रायमर, आणि मग खरा रंग. परत जोडताना रिव्हेट लावता येत नाहीत, म्हणून त्या जागी आटे पाडून बारीक स्क्रू बसवायचे. एकदा स्क्रू बसले की गाडी कितीही वेळा उघडता येते. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

गेल्या काही वर्षांत या नादाला विशेष जोर आला, त्याला कारण मुंबई. २०२३ च्या सप्टेंबरात बेस्टच्या जुन्या डबलडेकर बस रस्त्यावरून कायमच्या गेल्या आणि पुढच्याच महिन्यात शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. टॅक्सीला मुंबईत वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटची पद्मिनी २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली. कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. १९६४ साली फियाट अकराशे डिलाइट म्हणून आली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. मुक्ताच्या बाबांचे मामा आयुष्यभर हीच टॅक्सी चालवत होते. शेवटची पद्मिनी गेल्याची बातमी वाचली आणि यांनी पेपर खाली ठेवून जाहीर केलं, "मुक्तासाठी टॅक्सी करायची." मुक्ता तेव्हा मोबाइलवर अस्वलाचं कार्टून बघत होती.

हवी तशी पद्मिनी यांना तयार मिळाली नाही. मग एक जुन्या घाटाची चौकोनी परदेशी मोटार निवडली. मुलगी बघायला जावं तशी दुकानात चौकशी चालली होती: नाक बरं आहे, मागून जरा भरली आहे, पण होईल सवयीनं. घरी आणून कानशीनं तिचे कोपरे घासले, एम-सील भरून डिकी उंचावली. रंगाची एक मेख अशी की काळ्यावर पिवळा नीट बसत नाही, म्हणून आधी टपाला पिवळा द्यायचा, तो पुरता वाळला की त्यावर चिकटपट्टी लावून झाकायचा, आणि मग बाकीचं अंग काळं करायचं. चिकटपट्टी सोलताना घरात कोणी मोठ्यानं बोललेलं चालत नाही. टपावरचं कॅरिअर तांब्याच्या तारेचं. ते हवंच, कारण सीएनजीची टाकी डिकीत आल्यापासून सामान वरच जायचं. पुढच्या डाव्या मडगार्डावर बाहेरच्या अंगाला मीटर. तो टाचणीच्या डोक्याचा केला. बंपरला चंदेरी नेलपेंट, ते माझंच. आतल्या छताला फुलाफुलांचं कापड असायचं, आठवतंय? त्यासाठी माझ्या जुन्या साडीची किनार मागितली, पण तिची फुलं या मापाला फारच मोठी पडली. शेवटी कागदावर रंगवून चिकटवलं. ते गाडी बंद केल्यावर कोणालाही दिसत नाही. "मला माहीत आहे ना," असं त्यावर उत्तर.

गाडी तयार झाली. जेमतेम सहा सेंटिमीटर, आणि खरंच सुरेख. त्यांनी ती पारदर्शक डबीत ठेवून मुक्ताच्या समोर धरली. तिनं डबी उघडली, गाडी काढली, डोळ्याजवळ नेली, खिडकीतून आत बघितलं आणि म्हणाली, "बाबा, ड्रायव्हर कुठेय?"

मी पोळ्या लाटत होते, तशीच थांबले. मीटर होता, कॅरिअर होतं, न दिसणारी फुलं होती. मामा नव्हते.

यजमान म्हणाले, "अगं, खेळण्यातल्या गाड्यांत ड्रायव्हर नसतो." त्यावर तिचं साधं म्हणणं होतं की मग टॅक्सी जाणार कशी, आणि पैसे कोणाला द्यायचे? मला ओडेलांची मुलगी आठवली ती तेव्हा. मुलांच्या अटी अशाच असतात. त्यांना गाडी कशी दिसते यापेक्षा ती गोष्टीत काय काम करते, ते महत्त्वाचं.

स्क्रू होतेच. गाडी पुन्हा उघडली. एम-सीलचे मामा झाले, बसलेले, उजवीकडे, खिडकीबाहेर कोपर काढून. मग कपड्यांवरून आमच्याकडे बराच खल झाला. मुंबईत ज्याची टॅक्सी स्वतःची असते तो पांढरे कपडे घालतो, दुसऱ्याची चालवणारा खाकी. मामा आधी दुसऱ्याच्या गाडीवर होते, नंतर कर्ज काढून त्यांनी स्वतःची घेतली. गावी फोन झाला, मामींना विचारलं. मामी म्हणाल्या, "पांढरा! पांढराच दाखवा. किती वर्षं वाट बघितली होती त्या पांढऱ्या शर्टाची." टूथपिकच्या टोकानं पांढरा शर्ट रंगवला गेला. एवढे यजमान टॅक्सीच्या टपावरही रमले नव्हते.

अशा बापांची आपल्याकडे वाण नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, लोहारकाम करणाऱ्या एका वडिलांनी मुलाच्या हट्टासाठी भंगारातल्या सुट्या भागांची चारचाकी जुळवली. स्कूटरसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि पुढच्या महिन्यात त्या गाडीच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो मिळाली. मला त्यात बोलेरोपेक्षा किकचं जास्त अप्रूप वाटतं. तिकडे हैदराबादला सुधाकर यादवांनी एक संग्रहालयच उभं केलंय. बुटाच्या, कॅमेऱ्याच्या, वांग्याच्या आकाराच्या गाड्या, आणि त्या चालतातही. आम्ही तिथे गेलो तेव्हा यजमान प्रत्येक गाडीच्या खाली वाकून इंजिन कुठे बसवलंय ते शोधत होते आणि मुक्ता त्यांना एकच विचारत होती, की वांग्याच्या गाडीत बसून भाजी आणायला गेलं तर लोक काय म्हणतील?

अशा नादाला लोक पोरखेळ म्हणतात, वेळ फुकट गेला म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. तक्रार मात्र एक आहे. या मंडळींना गाडी पूर्ण झाली की ती कपाटात ठेवायची असते. काचेचं दार, आत दिवा, बोट लावायचं नाही. लहानपणी जत्रेतून आणलेली लाकडी गाडी दोरीनं अंगणभर ओढून तिचं चाक निघालं की मगच ती आपली वाटायची. काचेतल्या गाडीचं चाक कधी निघणार? आमच्याकडे त्यावर तह झालाय. प्रत्येक बदललेली गाडी आधी मुक्ताकडे जाते, तिच्याकडून रंगाचे टवके उडवून परत येते आणि मग कपाटात. दुरुस्त करायची नाही. टॅक्सीच्या उजव्या दारावर एक ओरखडा आहे. तो दादर स्टेशनचा, असं मुक्ता सांगते.

सध्या टेबलावर शाळेची व्हॅन आहे. मुक्ताच्या व्हॅनकाकांची जुनी ओम्नी, पिवळी, टपावर दप्तरं. दप्तरं नऊ हवीत, कारण मुलं नऊ आहेत, आणि एक दप्तर गुलाबी हवं. ही झाली सोपी अट. दुसरी अशी, की ओम्नीचं बाजूचं दार सरकून उघडलं पाहिजे, नाहीतर मुलं उतरणार कुठून? जस्ताच्या त्या अंगात सरकतं दार बसवायचं म्हणजे पत्रा किती जाड ठेवावा, खाच कुठे पाडावी, यावर गॅलरीत कागदांचा ढीग पडलाय. काल तिनं बाबांना विचारलं की दिवाळीच्या सुट्टीआधी होईल ना, आणि त्यांनी मास्क खाली ओढून तिलाच विचारलं, "दार डावीकडे की दोन्हीकडे?"

"डावीकडे," ती म्हणाली. "उजवीकडून काका उतरूच देत नाहीत."