इशारा हीच दया

(अंबाडी येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



बायबलमधली योना आणि माशाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. ती सोडून देतो. मला बोलायचंय ते माशाच्या पोटातून सुटलेल्या योनाबद्दल. तो निनवे नगरीत जाऊन ओरडतो, ‘चाळीस दिवसांनी हे नगर उलथणार!’ राजा सिंहासनावरून उतरून गोणपाट नेसतो. गुराढोरांनाही उपास घडतो. नगर वाचतं, आणि योना संतापतो. ‘तू दयाळू आहेस हे ठाऊक होतं, म्हणूनच मी पळालो होतो,’ असं तो देवालाच सुनावतो.

माझं ठाम मत आहे : ज्याला केवळ नाशच करायचाय, तो आधी माणूस पाठवत नाही. इशारा ही शिक्षेची सुरुवात नव्हे, दयेचं पहिलं पाऊल आहे. तानसा धरण भरलं की नदीकाठच्या गावांना सावध करतात. लोक वेळेवर हलले आणि कुणी बुडालं नाही, तर सावध करणाऱ्याला आपण खोटारडा म्हणतो का? (हशा)

ही गोष्ट परक्यांची नाही. आपल्या कोकणातले बेने इस्रायल ज्यू, म्हणजे ‘शनिवार तेली’, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाला ‘दरफाळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी दुपारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, योनाचंच पुस्तक वाचतात. ठाण्याचं सिनेगॉग 1879चं; मुंबईचं पहिलं त्याहून जुनं, 1796चं. ते बांधलं सामाजी हसाजी दिवेकरांनी. दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. परंपरा सांगते की, कैदी बेने इस्रायल आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि जीव वाचले. आता पाहा, मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाच्या या मंदिराचं नाव काय? ‘शारे राहमीम’, दयेचं द्वार! दिवेकरांवर तासभर बोलता येईल, पण चिठ्ठी आली आहे. वाड्याकडच्या मंडळींना शेवटची एसटी गाठायची आहे.

एक प्रश्न मात्र टाळणार नाही. मागून कुणीतरी विचारलं, ‘मग सदोम नगर का जळालं?’ मी इथे धर्मप्रचाराला आलेलो नाही, ग्रंथात आहे तेच सांगतो. अब्राहामाने पन्नास नीतिमानांपासून घासाघीस करत देवाला दहावर आणलं. दहाही निघाले नाहीत. तरी आदल्या रात्री तिथे राहणारा लोट आपल्या जावयांना ‘निघा’ म्हणून सांगून आला. त्यांना ती थट्टा वाटली. इशारा तिथेही पोचला होता. निनवेने तो ऐकला, जावयांनी हसण्यावारी नेला, एवढाच फरक.

यहेज्केलाच्या ग्रंथातला पहारेकरी तलवार येताना पाहून शिंग फुंकत नाही, तर रक्ताचा जाब त्याला द्यावा लागतो. म्हणून गावात, घरात धोका दिसला की बोला. लोक सावरले आणि तुमचं भाकीत खोटं ठरलं, तर योनासारखे रुसून बसू नका. तुमचं काम झालं.