टोपलीचे झाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला, ‘अमेरिकेत काय पाहिलेत ते सांगा’ अशी आज्ञा केली आहे. मुलीकडे बॉस्टनला काही महिने राहून आलेल्या बाईने उंच इमारती, बर्फ आणि तिकडची दुकाने यांचे वर्णन करावे अशी अपेक्षा असते. पण हे सारे आता आपण घरबसल्या पडद्यावर पाहतो. तेव्हा त्यात आपला वेळ न घेता मी आज टोपल्यांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कुणी हसल्यास माझी हरकत नाही, फक्त शेवटपर्यंत ऐकावे एवढीच विनंती.

२०२४ च्या उन्हाळ्यात मुलगी मला मेन नावाच्या राज्यातील पोर्टलंड शहरी घेऊन गेली. बॉस्टनच्या उत्तरेला मोटारीने दोन तासांचा रस्ता. तेथील कलासंग्रहालयात जेरेमी फ्रे या विणकरांच्या टोपल्यांचे प्रदर्शन होते. टोपली म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे भाजीची पाटी येते, फार तर फुलांची परडी. येथे फुगीर पोटाचे, निमुळत्या गळ्याचे हंडेच्या हंडे विणून ठेवलेले. काहींमध्ये तर एका टोपलीच्या आत दुसरी टोपली विणून दोन्हींचे काठ एक केलेले. वीण इतकी बारीक की पैठणीचा पदर न्याहाळावा तसे जवळ जाऊन पाहावे लागे. हे गृहस्थ ही विद्या आपल्या आईकडून शिकले. पुढे २०२५ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा तिकडचा फार मोठा मान मिळाला.

फ्रे हे पासामाक्वॉडी समाजाचे. पासामाक्वॉडी, पेनॉबस्कॉट, मिकमॅक, मलिसीट आणि ॲबेनाकी या समाजांना मिळून ‘वाबानाकी’ म्हणतात. त्याचा अर्थ उषेच्या देशाचे लोक. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, गोरे लोक येण्याच्या हजारो वर्षे आधीपासून राहणारे हे लोक. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना ‘तांबडे इंडियन’ म्हणून शिकलो. ते नाव त्यांना रुचत नाही, म्हणून आपणही आता टाकून द्यावे हे बरे.

त्यांच्या टोपल्या बांबूच्या नसतात, वेताच्याही नसतात. ‘ब्लॅक ॲश’ म्हणून एक झाड आहे, त्याच्या खोडापासून त्या होतात. या झाडाला आपण काळा ॲश म्हणू. आपल्याकडे ते होत नाही, पण वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हिशेबाने ते आपल्या मोगऱ्याच्या, जाईजुईच्या आणि पारिजातकाच्या कुळातले. दलदलीच्या, पाणथळ जागी ते उभे असते आणि फार सावकाश वाढते. वाबानाकींची एक जुनी कथा आहे. ग्लुस्काबे नावाच्या त्यांच्या आदिपुरुषाने धनुष्य ताणून ॲशच्या खोडात बाण मारला आणि त्या फटीतून माणसे गात-नाचत बाहेर आली. म्हणजे हे झाड त्यांचे माहेरच म्हणा ना!

आता टोपली कशी होते ते सांगते. स्वयंपाकघरात हात चालवणाऱ्या आपणा सर्वांना ते चटकन समजेल. पहिले काम झाड निवडण्याचे. दलदलीतले प्रत्येक झाड कामाचे नसते. खोड सरळ हवे, गाठी नकोत, वर्षावर्षाची वाढ एकसारखी हवी. जाणता माणूस दिवसभर हिंडून एखादेच झाड पसंत करतो. ते तोडून, ओढत घरी आणून त्याची साल काढतात. मग सुरू होते कुटणे. कुऱ्हाडीच्या मागच्या, बोथट बाजूने खोडावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोके घालीत जायचे, एकही जागा न सोडता.

यात मर्म असे आहे. झाडाच्या खोडात दर वर्षाचे एक वलय असते. त्यातला वसंतात वाढलेला भाग सच्छिद्र आणि ठिसूळ, तर उन्हाळ्यात वाढलेला घट्ट. काळ्या ॲशमध्ये हा फरक इतका मोठा की कुटताना ठिसूळ थर चुरडून जातो आणि घट्ट थर लांबच लांब पट्टीसारखा सुटून हाती येतो. एक पट्टी म्हणजे झाडाचे एक वर्ष. पाऊस चांगला झाला त्या वर्षाची पट्टी जाड, ओढगस्तीच्या वर्षाची पातळ. टोपली विणणारी बाई झाडाची वर्षेच एकमेकांत गुंफीत असते असे म्हटले तरी चालेल.

पुढे ती पट्टी दोन गुडघ्यांमध्ये धरलेल्या लाकडी फटीतून ओढून मधोमध उभी फाडतात. आतली बाजू साटीनसारखी तुळतुळीत निघते. मग पोलादी दात बसवलेल्या एका हातयंत्राने तिच्या एकसारख्या रुंदीच्या बारीक फिती कापतात आणि लाकडी साच्याभोवती वीण घालतात. कडेला समुद्रकाठच्या खाजणात उगवणाऱ्या एका सुवासिक गवताची वेणी गुंफतात. त्या गवताचा मंद, गोडसर वास वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या वाळ्याची आठवण व्हावी असा. पूर्वी झाड तोडणे आणि कुटणे बहुधा पुरुष करीत आणि वीण बायकांच्या हाती असे. विणण्याला घटका-दोन घटका लागल्या तर त्याआधीच्या तयारीला दिवसचे दिवस लागतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या टोपल्यांनी त्या समाजाला वाईट दिवसांत जगवले. जमिनी गेल्या, शिकारीची राने गेली, तेव्हा टोपली हेच पोटापाण्याचे साधन उरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाड्या आणि आगबोटी झाल्या, श्रीमंत शहरी कुटुंबे उन्हाळ्यात बार हार्बरसारख्या हवा खाण्याच्या ठिकाणी येऊ लागली. वाबानाकी कुटुंबे तेथे राहुट्या ठोकून राहत आणि बायका हातमोज्यांचे करंडे, रुमालांच्या पेट्या, शिवणाच्या टोपल्या विणून विकीत. मेनच्या उत्तरेला अरूस्टुक म्हणून बटाट्याचा मोठा मुलूख आहे. तेथे शेतातले बटाटे वेचायला याच झाडाच्या दणकट टोपल्या लागत. पुढे बटाटे काढायला यंत्रे आली, तारेच्या आणि प्लास्टिकच्या टोपल्या आल्या आणि ही मागणी आटली.

शोभेच्या टोपलीला भाव तो काय? कित्येक दिवसांच्या श्रमाचे चार पैसे येत. मग कोणती आई मुलीला म्हणेल, ‘बाळ, तू हेच कर’? हळूहळू विणणारे हात म्हातारे होत गेले, आणि त्यांच्याबरोबर भाषाही. विणताना ज्या शब्दांत आजी नातीला सांगायची, ते शब्दही विरळ झाले.

या ठिकाणी मला दोन बायकांची गोष्ट सांगितली पाहिजे. पेनॉबस्कॉट समाजातल्या थेरेसा सीकॉर्ड या भूगर्भशास्त्र शिकलेल्या बाई. १९८८ साली त्या मॅडलिन टोमर शे या वृद्ध विणकर बाईंकडे विणकाम शिकू लागल्या. पेनॉबस्कॉट भाषा अस्खलित बोलणाऱ्या अखेरच्या माणसांमध्ये मॅडलिनबाईंची गणना होते. १९९३ साली त्या निवर्तल्या. त्याच वर्षी मेनमधील चारही समाजांच्या विणकरांनी मिळून आपली संघटना स्थापली आणि थेरेसाबाईंनी तिची धुरा पुढे दीर्घकाळ वाहिली. त्या वेळी सभासदांमध्ये तरुण जवळजवळ कुणी नव्हते. संघटनेने दोन गोष्टी धरल्या. एक, जुन्या जाणत्या विणकराजवळ शिकाऊ मुलामुलींना बसवायचे. दुसरी, वर्षातून ठरलेल्या वेळी बाजार भरवायचा आणि टोपलीला तिची खरी किंमत मागायची. किंमत मिळू लागली तशी तरुण मंडळी परत वळली.

मॉली नेप्च्यून पार्कर या पासामाक्वॉडी आजीबाईंचा मला विशेष आदर वाटतो. त्यांच्या ओक-फळाच्या आकाराच्या टोपल्या आणि झाकणावरचे ॲशचेच फूल प्रसिद्ध आहे. २०१२ साली त्यांना लोककलेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २०२० साली त्या गेल्या, पण त्यांच्या हाताखाली शिकलेले त्यांचे नातवंड आज स्वतःच नामांकित विणकर आहे.

भगिनींनो, गोष्ट येथे संपली असती तर फार बरे झाले असते. पण हात परत आले तोच झाडावर संकट आले. २००२ साली मिशिगन राज्यात डेट्रॉइट शहराजवळ पाचूसारखा हिरवागार, जेमतेम बोटाच्या पेराएवढा एक भुंगा सापडला. तो मूळचा पूर्व आशियातला. मालाच्या लाकडी खोक्यांतून तो आला असावा असे मानतात. भुंगा स्वतः पाने कुरतडतो, त्याने फारसे बिघडत नाही. त्याची अळी मात्र सालीखाली नागमोडी बोगदे पोखरते, झाडाचा रस वाहण्याच्या वाटा तुटतात आणि थोड्याच वर्षांत झाड उभ्याउभ्या वाळते. आशियातली ॲशची झाडे या भुंग्याशी जुन्या ओळखीची, ती त्याला पुष्कळ अंशी तोंड देतात. अमेरिकेतल्या झाडांना ही विद्या ठाऊक नाही आणि काळा ॲश तर सर्वांत दुबळा. आजवर कोट्यवधी ॲश मेले. २०१७ साली काळ्या ॲशची नोंद अत्यंत संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत झाली आणि २०१८ साली भुंगा मेनमध्ये पोचला. झाडे मेली की ती पीत असत ते पाणी दलदलीत साचून राहते, त्यामुळे त्याच जागी नवे रोप रुजणेही कठीण होते.

अशा वेळी काय करायचे? आग्नेयेपासून वायव्येपर्यंत नवस बोलून भुंगा जायचा नाही. त्या लोकांनी रडत न बसता जे आरंभले आहे ते मला सांगण्यासारखे वाटते. जळाऊ लाकूड एका भागातून दुसऱ्या भागात नेऊ नका असे सांगत ते फिरतात, कारण भुंगा लाकडाबरोबर प्रवास करतो. शास्त्रज्ञांनी भुंग्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या सोडल्या आहेत. तोडलेले ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवले तर आतल्या अळ्या मरतात आणि लाकूड विणण्याजोगे राहते, असे प्रयोगांती दिसले आहे. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे बी गोळा करणे. काळ्या ॲशचे बी मोठे हट्टी. जमिनीत पडल्यावर ते बहुधा दुसऱ्या वसंतापर्यंत उगवत नाही. असे बी वेचून, वाळवून थंडाव्यात ठेवले आहे. भुंग्याचा जोर ओसरेल, किंवा त्याला दाद न देणारी झाडे निपजतील, तेव्हा ते पेरायचे.

पण मधल्या काळाचे काय? आज पेरलेले बी टोपलीजोगे खोड होईपर्यंत दोन-तीन पिढ्या सरतील. तोवर कुटणारे हात कुठून राहतील? मिशिगनच्या केली चर्च या विणकर बाईंनी यावर आपल्या परीने उत्तर दिले आहे. २०१८ साली त्यांनी एक टोपली विणली. तिच्यात त्या भुंग्याची एक कुपी आहे आणि संगणकाला जोडायची एक लहानशी स्मृतिपट्टी. त्या पट्टीत काळ्या ॲशची सारी विद्या साठवलेली आहे. ज्या नातवंडांची पणतवंडे अजून जन्मायची आहेत त्यांच्यासाठी बाईंनी निरोप ठेवला आहे. आणि जोवर लाकूड मिळते तोवर त्या मुलांना दलदलीत नेऊन, कुऱ्हाड हाती देऊन शिकवीत आहेत, कारण पट्टीतून पाहून ठोक्याचा अंदाज येत नाही हे त्या जाणतात.

मला यातून एवढेच म्हणायचे आहे. एखादी कला जगते ती तीन आधारांवर. माल देणारी माती, शिकवणारा हात आणि श्रमाची किंमत देणारे गिऱ्हाईक. वाबानाकींनी गेलेला दुसरा आणि तिसरा आधार स्वतःच्या हिमतीने परत उभा केला, आणि आता पहिल्यासाठी ते झटत आहेत. त्यांच्या झाडासाठी आपण येथून फारसे काही करू शकणार नाही. पण तिसरा आधार होणे आपल्या हातचे आहे. आपल्या हळदीकुंकवाच्या परड्या ज्या बुरूड बाईंकडून येतात, त्यांना पुढच्या वर्षी या व्यासपीठावर मानाने बोलवावे, त्यांची मजुरी पुरी द्यावी आणि बांबू कसा निवडायचा, कांब कशी काढायची हे आपल्या मुलींना त्यांच्या तोंडून ऐकू द्यावे, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवते. दोघी-तिघींनी जरी हाती घेऊन वीण घालून पाहिली तरी पुढे बाजारात भाव करताना जीभ जरा अडखळेल.