यांत्रिक बाहु : वेग आणि विराम

थांबलेलें यंत्र चालत्या यंत्रापेक्षां अधिक घातक ठरूं शकतें, हें विधान ऐकणाऱ्यास प्रथम विपरीत वाटेल. गिरणीचा पट्टा फिरत असतांना कोणी शहाणा मनुष्य त्याच्याजवळ हात नेत नाहीं. पट्टा थांबला म्हणजे मात्र तो निर्धास्तपणें पुढें होतो. साध्या यंत्राच्या बाबतींत हा निर्धास्तपणा पुष्कळदां निभावून जातो. कारखान्यांतील यांत्रिक बाहूची, म्हणजे सर्वत्र ज्याला रोबो म्हणतात त्याची, गोष्ट तशी नाहीं. तो स्तब्ध दिसतो तेव्हां कदाचित् खरोखरच बंद असेल. कदाचित् पुढचा भाग केव्हां येतो याची वाट पाहत असेल. कदाचित् चार सेकंद थांबण्याची जी आज्ञा त्याला दिलेली आहे तिचें तिसरें सेकंद चालू असेल. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना या तिन्ही अवस्था अगदीं सारख्या दिसतात. या सारखेपणांतच अपघाताचें बीज आहे.

'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या एका नाटकामुळें जगभर पसरला. त्याच्या मुळाशीं जो चेक शब्द आहे त्याचा अर्थ वेठ. नाटकांतील रोबो मनुष्याकृति होते. कारखान्यांतील रोबोला मात्र ना डोकें, ना पाय. असतो तो केवळ एक बाहु. १९६१ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत जनरल मोटर्स कंपनीच्या कारखान्यांत 'युनिमेट' नांवाचा असा पहिला बाहु कामास लागला. साच्यांतून निघालेले तप्त धातूचे भाग उचलून ठेवणें, हें त्याचें काम. मनुष्याचा हात जेथें भाजेल तेथें लोखंडाचा हात घालावा, इतका साधा त्यांतील हेतु होता.

आजच्या बाहूला बहुधा सहा सांधे असतात आणि प्रत्येक सांध्याला स्वतंत्र मोटर असते. या सहाही मोटरींना एका तालांत चालविणारी कपाटासारखी पेटी बाजूला उभी असते, तिला नियंत्रक किंवा कंट्रोलर म्हणतात. या नियंत्रकाला लांब केबलीनें जोडलेलें, हातांत धरून चालविण्याचें एक साधन असतें; कामगारांच्या तोंडीं त्याचें नांव टीच पेंडंट असें आहे. बाहूला धडा शिकवावयाचा तो याच साधनानें. शिकविणारा बाहूला हळूहळू एकेका ठिकाणीं नेतो, तें ठिकाण नोंदवितो, दोन ठिकाणांमधील अंतर किती वेगानें कापावयाचें तें ठरवितो. आणि एकदां धडा पुरा झाला कीं बाहु तो दिवसांतून हजार वेळां न कंटाळतां म्हणून दाखवितो. धड्यांत जें लिहिलें आहे तेवढेंच त्याला ठाऊक असतें. वाटेंत मनुष्य उभा आहे ही गोष्ट धड्यांत नसते.

याची किंमत २५ जानेवारी १९७९ रोजीं मिशिगन राज्यांतील फ्लॅट रॉक या गांवीं प्रथम मोजली गेली. तेथें फोर्ड कंपनीच्या ओतकामाच्या कारखान्यांत उंच मांडणींतून सुटे भाग काढून आणणारें एक स्वयंचलित यंत्र होतें. त्याचें काम नीट होईना, म्हणून रॉबर्ट विल्यम्स हा २५ वर्षांचा कामगार स्वतः मांडणीवर चढून भाग काढूं लागला. यंत्र बंद केलेलें नव्हतें. त्याचा बाहु मागून आला आणि विल्यम्सच्या डोक्यावर आदळला. यंत्राच्या हातून अशा रीतीनें मृत्यु पावलेला पहिला मनुष्य म्हणून त्याचें नांव नोंदलें गेलें आहे. १९८३ सालीं ज्यूरीनें त्याच्या कुटुंबास एक कोट डॉलर भरपाई देवविली. यंत्राचें त्याच्याशीं कांहींच वैर नव्हतें. तो तेथें आहे हेंच त्याला ठाऊक नव्हतें, आणि तें त्याला कळविण्याची सोय कोणीं केलेली नव्हती.

तशी सोय करणें हाच पुढें या विद्येचा एक मोठा भाग झाला. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें रोबोच्या सुरक्षिततेविषयीं १०२१८ या क्रमांकाचें मानक प्रथम १९९२ सालीं प्रसिद्ध केलें. नंतर २००६, २०११ आणि २०२५ या सालीं त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. त्यांतील मुख्य नियम कोणत्याही समंजस गृहस्थास सहज पटतील असे आहेत. पहिला नियम कुंपणाचा. पूर्ण वेगानें चालणाऱ्या अशा बाहूच्या आवांक्यांत मनुष्यानें नसावें. भोंवतीं जाळी असावी, आणि जाळीचें दार उघडतांच बाहु थांबावा. दुसरा नियम वेगाचा. शिकविण्यासाठीं मनुष्याला आंत जावेंच लागतें; अशा वेळीं बाहूच्या टोंकाचा वेग सेकंदास २५० मिलिमीटरच्या वर जाऊं देतां कामा नये. सेकंदाला सुमारें एक वीत, एवढीच ही गति. इतक्या संथ गतीनें येणाऱ्या वस्तूपासून सावध मनुष्याला बाजूला होतां येतें. मात्र त्यानें बाहूकडे सदैव तोंड करून उभें राहिलें पाहिजे आणि मागें सरकण्याची वाट मोकळी ठेविली पाहिजे.

तिसरा नियम विशेष मार्मिक आहे. टीच पेंडंटच्या पाठीशीं बोटांखालीं एक कळ असते. ती हलकेच दाबून धरली तरच बाहु हलतो. सोडली कीं थांबतो. येथवर कोणासही सुचेल. परंतु हीच कळ जोरानें आवळली तरीही बाहु थांबतो. घाबरलेला मनुष्य दोहोंपैकीं एक गोष्ट करतो : हातांतील वस्तु टाकून देतो, किंवा ती घट्ट आवळून धरतो. केवळ सोडल्यावरच थांबणारी कळ असती, तर भीतीनें मूठ वळलेल्या मनुष्यावर बाहु तसाच चालून आला असता. ज्यानें ही कळ कल्पिली त्यानें यंत्राइतकाच मनुष्याच्या भीतीचाही अभ्यास केला, असें म्हणावें लागतें.

याखेरीज आणीबाणीचें लाल बटण असतेंच. कामास आरंभ करण्यापूर्वीं तें दाबून मोटरींची शक्ति खरोखर तुटते कीं नाहीं हें पाहून घ्यावें, अशी शिस्त आहे. दुरुस्तीसाठीं आंत जावयाचें तर नुसत्या बटणावर विसंबूं नये. मुख्य वीज तोडून त्या खटक्याला कुलूप लावावें आणि किल्ली आंत जाणाऱ्याच्याच खिशांत असावी. वीज तोडल्यावरही नियंत्रकाच्या पोटांत कांहीं मिनिटें विजेचा सांठा उरतो. आणि बाहूचे ब्रेक सैल केले तर तो स्वतःच्या वजनानें खालीं येतो. 'बंद' या शब्दाचा अर्थ किती सावधपणें घ्यावा लागतो तो यावरून दिसेल.

आतां वेगाची दुसरी बाजू. बाहु नुसता उचल-ठेव करीत असेल तर त्याचा वेग हा त्याचा एकट्याचा प्रश्न असतो. परंतु तो डिंकासारखा चिकट पदार्थ लावीत असेल, तर त्याच्या वेगाची वार्ता दुसऱ्या यंत्राला, म्हणजे तो पदार्थ ढकलणाऱ्या पंपाला, क्षणोक्षणीं कळावी लागते. मोटारीची पुढची कांच अशाच पदार्थानें चौकटीला चिकटविलेली असते. कांचेच्या कडेनें पॉलियुरेथेनची एक अखंड रेघ ओढावी लागते. ती कोठें तुटली तर पाणी झिरपतें. एवढेंच नव्हे, तर आजच्या मोटारींत छपराच्या बळकटीला आणि बसणाऱ्यापुढें फुगणाऱ्या हवेच्या पिशवीला या कांचेचा आधार असतो. रेघेंतील खंड म्हणूनच नुसता दिसण्याचा दोष नव्हे.

रांगोळी काढणाऱ्या गृहिणीस यांतील मर्म सांगावें लागणार नाहीं. हात सरळ रेषेंत भरभर जातो तेव्हां चिमटींतून पूड अधिक सुटते. वळणावर हात मंदावतो तेव्हां चिमूटही आवळते. पूड एकाच धारेनें पडत राहिली तर प्रत्येक वळणावर ढीग होईल. बाहूलाही कोपऱ्यावर वेग कमी करावाच लागतो. त्याची चिमूट म्हणजे पंप, आणि चिमटीला हाताची गति कळविणारी नस म्हणजे नियंत्रकापासून पंपाकडे जाणारी एक तार. या तारेंतून जो विजेचा दाब जातो तो शून्यापासून दहा व्होल्टपर्यंत हवा तसा कमी-अधिक होऊं शकतो. अशा सतत बदलणाऱ्या संकेताला अ‍ॅनालॉग म्हणतात.

एक उदाहरण घेतां येईल. सेकंदास ३०० मिलिमीटर वेग असतांना ६ व्होल्ट, असें प्रमाण ठरविलें. वेग १५० झाला कीं दाब ३ व्होल्ट होईल. कोपऱ्यावर वेग ५० झाला कीं १ व्होल्ट. हें प्रमाण न ठेवतां दाब सर्वत्र ६ व्होल्टच ठेविला, तर कोपऱ्यावर प्रत्येक मिलिमीटरमागें सहापट पदार्थ पडेल. पण नुसतें प्रमाणही पुरत नाहीं. समजा, १ व्होल्टपर्यंत पंप हालतच नाहीं. मग ज्या कोपऱ्यावर दाब नेमका १ व्होल्ट आहे तेथें रेघ तुटेल. म्हणून आरंभींच १ व्होल्ट गृहीत धरून वरचे ५ व्होल्ट वेगाच्या प्रमाणांत वांटावे लागतात; मग त्याच कोपऱ्यावर सुमारें १.८ व्होल्ट मिळतात आणि रेघ अखंड राहते. मात्र अशा योजनेंत वेग शून्य झाला तरी १ व्होल्ट उरतो. यासाठीं रेघ संपतांच संकेत बंद करण्याची निराळी आज्ञा धड्यांत द्यावी लागते. येथेंही थांबणें आणि बंद होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एवढें केल्यावर खरी अडचण उभी राहते ती वेळेची. संकेत पोंचल्यापासून पदार्थ बाहेर पडेपर्यंत, समजा, सेकंदाचा दहावा भाग जातो. ५० मिलिमीटरच्या वेगानें तेवढ्या वेळांत केवळ ५ मिलिमीटर जागा कोरी राहील. ३०० च्या वेगानें ३० मिलिमीटर. म्हणजे संथ वेगांत जो दोष जवळजवळ दिसत नाहीं, तो पूर्ण वेगांत दोन बोटें रुंद होतो. त्यावर उपाय संकेत थोडा आधीं देण्याचा. पण किती आधीं, हें पूर्ण वेगानें चालविल्यावांचून कळत नाहीं.

आणि नेमक्या याच ठिकाणीं कुशल कामगाराला मोह पडतो. रेघ कोठें तुटते हें त्याला डोळ्यांनीं पाहावयाचें असतें. जाळीबाहेरून तें नीट दिसत नाहीं. दार उघडावें तर बाहु थांबतो. मग दाराच्या खटक्याला कोणी तारेचा तुकडा बांधतो आणि दार उघडें असूनही तें लागलेलें आहे असें नियंत्रकाला खोटेंच भासवितो. असें करणारा मनुष्य आळशी नसतो. उलट कामाविषयीं त्याला आस्था असते. आस्थेपोटीं केलेली ही लबाडी म्हणूनच अधिक भयंकर. योग्य रीत अशी : दार लावावें, बाहेरून पूर्ण वेगानें एक रेघ काढवावी, बाहु थांबवावा, वेगावर बंधन घालणाऱ्या पद्धतीवर किल्ली फिरवावी, मग आंत जाऊन पट्टीनें रेघ मोजावी. एक फेरा करावयाचा तेथें दहा होतील. तेवढा वेळ त्या कामाचाच भाग मानला पाहिजे.

आणखी एक भ्रम दूर करणें अवश्य आहे. वेगाचा दाब मोजणारा कांटा शून्यावर आहे, तेव्हां बाहु स्थिर आहे, असा तर्क कोणी करील. परंतु तार तुटली असली तरीही कांटा शून्यच दाखवितो. याच कारणास्तव पुष्कळ कारखान्यांत अशा कामाला दाबाऐवजीं ४ ते २० मिलिअँपियरचा प्रवाह वापरतात. तेथें ४ म्हणजे शून्य, आणि खरें शून्य म्हणजे तुटलेली तार. जीवरक्षणाच्या तारा तर याहून निराळ्या तत्त्वावर असतात : त्या दुहेरी असतात आणि त्यांतील एकही तुटली तर यंत्र थांबतें. अ‍ॅनालॉग संकेत मालाच्या गुणासाठीं आहे, दाराचा खटका माणसाच्या प्राणासाठीं. पहिल्यानें दुसऱ्याचें काम कधींही करूं नये.

पिंपरी आणि चाकण येथील कारखान्यांत असे बाहु आज चालू आहेत, आणि ते चालविणारीं मुलेंमुली महाराष्ट्रांतील घराघरांतून तेथें जातात. त्यांच्या कौशल्याचें कौतुक किती माल निघाला यावरून होतें. तें स्वाभाविकही आहे. पण दार उघडण्यापूर्वीं कुलूप लावून किल्ली खिशांत घालण्यांत ज्यानें दोन मिनिटें घालविलीं, त्याचें कौतुक करण्यास कोणी उभें नसतें, कारण त्याच्या सावधपणाचें फळ डोळ्यांना दिसत नाहीं. विल्यम्सच्या कारखान्यांत तीं दोन मिनिटें कोणीं दिलीं असतीं, तर २५ जानेवारी ही तारीख आज कोणाच्याही स्मरणांत राहिली नसती.