आत्ता घेऊ, की थांबू?

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

जुलै २०१९ मधली गोष्ट आहे. रात्री साडेअकराला फोन वाजला. अवेळी फोन वाजला की माझ्या वयाच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. पण पलीकडे माझा भाचा होता, आणि भलताच खुशीत होता. तो डेट्रॉईटजवळ राहतो, तिथे तेव्हा भरदुपार होती. म्हणाला, "मामा, एक सल्ला दे. गाडी आत्ता घेऊ, की थांबू?"

गाडी म्हणजे रोज ऑफिसला जायची गाडी नव्हे. ती त्याच्याकडे होतीच. ही होती शेवरलेची कॉर्व्हेट. दोनच माणसं बसणारी, जमिनीला चिकटून धावणारी स्पोर्ट्‌स कार. संसार, घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण सांभाळून बारा-पंधरा वर्षं त्याने तिच्यासाठी डॉलर बाजूला टाकले होते. आता पैसे जमले, तर नेमका पेच पडला. शोरूममध्ये सातव्या पिढीची कॉर्व्हेट उभी होती आणि विक्रेता किंमत कमी करायला तयार होता. कारण १८ जुलैला कॅलिफोर्नियात कंपनीने आठव्या पिढीची गाडी जगाला दाखवली होती. नव्या गाडीची सुरुवातीची किंमत साठ हजार डॉलरच्या आत ठेवली होती आणि तिचं इंजिन चक्क चालकाच्या पाठीमागे होतं.

माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडला गिअर कापण्यात गेली. यंत्राचा विषय निघाला की मला थांबवणं कठीण. मी लगेच कागद-पेन्सिल घेतली. बैलगाडीत पोती भरणाऱ्याला जे कळतं, तेच इथेही लागू पडतं. ओझं कुठे ठेवलंय यावर गाडीची चाल ठरते. स्पोर्ट्‌स कारची मागची चाकं गाडी ढकलतात. इंजिनाचं वजन त्या चाकांजवळ आलं, की चाकं रस्ता घट्ट धरतात आणि ताकद वाया जात नाही. जुन्या गाडीचं इंजिन ४५५ अश्वशक्तीचं, नव्याचं ४९०. तेव्हा माझा हिशेब दहा मिनिटांत झाला. मी म्हटलं, "थांब. वर्षभराचा तर प्रश्न आहे."

या सल्ल्यात चूक काय झाली, ते आज तुम्हाला सांगणार आहे. पण त्याआधी याच गाडीचा थोडा इतिहास सांगतो. घेऊ की थांबू हा प्रश्न तिच्या गिऱ्हाइकांना सत्तर वर्षं पडत आलाय.

पहिली कॉर्व्हेट १९५३ साली मिशिगनमधल्या फ्लिंट इथे तयार झाली. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. दिसायला देखणी, पण इंजिन सहा सिलिंडरचं आणि गिअर दोन, तेही आपोआप पडणारे. ज्याला खरा वेग हवा होता त्याची निराशा झाली. १९५५ मध्ये आठ सिलिंडरचं इंजिन आलं आणि गाडीला दम आला. म्हणजे इथे दोन वर्षं थांबणारा शहाणा ठरला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण त्या पहिल्या गिऱ्हाइकांना लागू पडली.

आता १९६३ सालाकडे या. नव्या बंद टपाच्या कॉर्व्हेटची मागची काच मधोमध एका पट्टीने दुभागलेली होती. दिसायची सुंदर, पण आरशातून मागचं नीट दिसेना. या गाडीचे नावाजलेले इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह यांनाच ती पट्टी पसंत नव्हती. पुढच्याच वर्षी कंपनीने ती काढून टाकली आणि सलग काच बसवली. काही मालकांनी तर पदरचे पैसे खर्चून आपल्या गाडीची दुभंगलेली काच काढली आणि नव्यासारखी सलग लावून घेतली. आज जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळ्यांना हवी असते ती नेमकी दुभंगलेल्या काचेची १९६३ ची गाडी. इथे 'सुधारणा होऊ दे, मग घेऊ' म्हणणारा फसला.

आणि १९८३? त्या सालाची कॉर्व्हेट बाजारात आलीच नाही. जुनी बंद झाली होती, नवीचं काम पुरं झालं नव्हतं. चाचणीसाठी ४३ गाड्या बांधल्या होत्या, त्यातली एकच आज शिल्लक आहे, केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनच्या संग्रहालयात. नवी गाडी बाजारात उतरली ती १९८४ चं मॉडेल म्हणून.

याच संग्रहालयात त्या डंटोव्ह यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. इंजिन चालकामागे असलेली कॉर्व्हेट व्हावी, हा त्यांचा ध्यास. १९६० मध्ये त्यांनी तशी प्रायोगिक गाडी करूनही दाखवली. कंपनी दर वेळी 'पुढे पाहू' म्हणत राहिली. ते १९७५ मध्ये निवृत्त झाले, १९९६ मध्ये वारले. त्यांच्या मनातली गाडी विक्रीला आली २०२० मध्ये.

आता भाच्याकडे वळतो. त्याने माझं ऐकलं आणि नवी गाडी नोंदवली. त्याच सप्टेंबरात माझी बहीण आणि दाजी, म्हणजे भाच्याचे वडील, सांगलीहून तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले. दाजी तेव्हा रोज दोन मैल चालायचे. मिशिगनची पानगळ त्यांनी पाहिली, लाल-पिवळ्या झाडांचे फोटो आम्हाला पाठवले. हिंडले ते घरच्या गाडीतून. भाचा म्हणायचा, "आण्णा, पुढच्या वेळी याल तेव्हा नव्या गाडीतून फिरवतो."

दाजींना थांबण्याची सवय होती. १९७० च्या दशकात त्यांनी स्कूटर नोंदवली आणि नंबर लागला तेव्हा नोंदणीच्या वेळी पोटात असलेला मुलगा शाळेत जात होता. पण ते थांबणं आणि हे थांबणं यात फरक आहे. दाजींच्या हातात दुसरं काही नव्हतं. भाच्यापुढे गाडी उभी होती, किल्ली समोर होती. त्याने थांबायचं ठरवलं, किंबहुना मी ठरवायला लावलं.

इकडे १६ सप्टेंबरला जनरल मोटर्सच्या कामगारांचा संप सुरू झाला, तो चाळीस दिवस चालला. नोव्हेंबरात जुन्या कॉर्व्हेटचं उत्पादन संपलं. नवीचं फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालं आणि मार्चमध्ये करोनामुळे कारखाना बंद पडला. मेअखेर पुन्हा चालू झाला. भाच्याची गाडी घरी आली तेव्हा दुसरी पानगळ सुरू झाली होती, आणि आपल्याकडून नेहमीची परदेशी विमानं बंद होती. ती सुरू झाली २७ मार्च २०२२ ला.

त्या उन्हाळ्यात दाजी पुन्हा गेले. मधल्या काळात गुडघ्यांनी दगा दिला होता. कॉर्व्हेटची बैठक किती खाली असते, हे बसल्याशिवाय कळत नाही. तिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ मांडी घालून जमिनीवर बसायचं आणि तिथून उठायचं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग टपावर हात ठेवून म्हणाले, "उंटावर चढणं सोपं असेल रे. तू चालव, मी इथनं बघतो." अंगणात घडीची खुर्ची टाकून ते बसले आणि भाच्याने कॉलनीला दोन चकरा मारल्या.

हे सगळं भाच्याने मला फोनवर सांगितलं आणि मग जरा थांबून एक गोष्ट सांगितली, जी त्याने २०१९ मध्ये सांगितली नव्हती. दाजींकडे पूर्वी फियाट होती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. हा लहान असताना बापाला खेटून बसायचा. दाजी क्लच दाबायचे आणि म्हणायचे, "दोन." हा दांडा ओढून दुसरा गिअर टाकायचा. मग "तीन." ड्रायव्हिंगचा त्याचा तो पहिला धडा. जुन्या कॉर्व्हेटमध्ये हाताने टाकायचे सात गिअर मिळायचे, दोन्ही बैठकांच्या मधे दांडा. त्याच्या मनात होतं, आपण क्लच दाबायचा आणि आण्णांना म्हणायचं, "दोन."

नव्या कॉर्व्हेटला क्लचचं पेडलच नाही. गिअर आपोआप पडतात, आणि कुठल्याही माणसापेक्षा जलद पडतात. यंत्र म्हणून ते सरस आहे, यात मला आजही शंका नाही. पण जन्मभर गिअर कापणाऱ्या मामाने भाच्याला बिनक्लचच्या गाडीसाठी थांबायला सांगितलं, आणि 'गाडी तुला कशासाठी हवीय' हे एकदाही विचारलं नाही.

श्रोतेहो, थांबणं वाईट, असं मी म्हणत नाही. २०२५ मध्ये ३ सप्टेंबरला जाहीर झालं, की २२ तारखेपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के होणार. त्या एकोणीस दिवसांत ज्याने गाडी घेतली नाही, त्याने बरोबर केलं. तारीख ठरलेली, फायदा ठरलेला, मधे गमावण्यासारखं फारसं काही नाही. तिथे थांबावंच.

पण नव्या मॉडेलची वाट पाहताना बहुधा तसं नसतं. जाहिरात काय वाढणार ते सांगते, काय जाणार ते आपल्यालाच शोधावं लागतं. वचन दिलेली तारीख संपाने, साथीने, सुट्या भागांच्या टंचाईने पुढे जाते. पहिल्या वर्षीच्या गाडीत किरकोळ दोष निघण्याचा संभव अधिक, म्हणून जाणकार सांगतात, आणखी एक वर्ष थांब. आणि तोवर पुढची सुधारणा जाहीर होते. याच नव्या कॉर्व्हेटची २०२३ साली अधिक ताकदीची झेड-झिरो-सिक्स आली, २०२४ साली विजेच्या मोटरची जोड असलेली ई-रे आली, २०२६ च्या मॉडेलला आतली सगळी मांडणीच बदलली. थांबणाऱ्याला कारण कधी कमी पडत नाही.

या सगळ्या हिशेबात आपण जुन्या गाडीची किंमत मांडतो, नव्या गाडीची मांडतो. मधल्या काळाची किंमत मात्र शून्य धरतो, जणू काळ गेला तरी आपण आणि आपली माणसं होतो तिथेच उभे राहणार. माझ्या कागदावर अश्वशक्ती होती, वजन होतं, डॉलर होते. दाजींचे गुडघे नव्हते.

परवा भाच्याचा फोन आला होता. त्याच्या ऑफिसातला एक जण कॉर्व्हेट घ्यायची म्हणतोय आणि याला अनुभवी समजून विचारत होता, आत्ता घेऊ, की पुढच्या पिढीसाठी थांबू? मी म्हटलं, "मग काय सांगितलंस?"

"काही नाही सांगितलं, मामा. फक्त विचारलं, शेजारी कोणाला बसवणार आहेस?"