स्कॅन लिहिण्यापूर्वी संगणकाचा सल्ला

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत एका सभासद डॉक्टरांनी दिलेले भाषण)



म्हैसुरातील आपण सारे मराठी या दिवसांत एकत्र येतो, म्हणून बोलायला आनंद वाटतो. मी दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर. समोर सॉफ्टवेअरमधील जाणकार बसले आहेत. कुठे चुकलो तर सांभाळून घ्यावे.

गेल्या वर्षी आरतीनंतर एक पाच वर्षांचा मुलगा मंडपाच्या पायऱ्यांवरून, तीनेक फुटांवरून पडला. कपाळावर टेंगूळ आले. आजोबा म्हणाले, “डॉक्टर, लगेच सीटी स्कॅन करू या. पैशाचा प्रश्न नाही.” मी विचारले, शुद्ध हरपली होती का? उलटी झाली? डोके फार दुखते आहे? वागणे नेहमीसारखे आहे? उत्तरे चांगली होती. मुलगा तर मोदक मागत होता. कवटीच्या तळाला इजा झाल्याची चिन्हेही दिसली नाहीत. मी म्हणालो, “स्कॅन नको. लक्ष ठेवा. उलटी झाली किंवा गुंगी वाटली तर तडक रुग्णालयात न्या.” आजोबांना ते पटले नाही आणि खरे सांगतो, त्या रात्री मलाही झोप लागली नाही. सकाळी फोन आला, मुलगा अंगणात खेळत होता.

हे प्रश्न माझ्या मनचे नव्हते. अमेरिकेतील ‘पेकार्न’ या गटाने ४२,४१२ मुलांचा अभ्यास २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. दोन वर्षांवरील मुलात सहा ठरावीक गोष्टींपैकी एकही नसेल, तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता दोन हजारांत एकाहूनही कमी असते. उलट, डोक्याच्या एका सीटीत सुमारे २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, म्हणजे निसर्गातून वर्षभरात मिळतो जवळपास तेवढा. पोटाच्या सीटीत त्याच्या चार-पाचपट. एका स्कॅनचा धोका लहानच, पण मुलांपुढे सारे आयुष्य असते. जिथे गरज आहे तिथे मात्र हेच स्कॅन प्राण वाचवते.

असे नियम संगणकात घातले, की डॉक्टरांना निर्णयात साहाय्य करणारे सॉफ्टवेअर तयार होते. डॉक्टर रुग्णाचे वय, लक्षणे आणि तपासणीचे कारण भरतो. पडद्यावर त्या तपासणीचे गुण दिसतात. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या निकषांत १ ते ९ गुण असतात. ७ ते ९ म्हणजे सहसा योग्य, १ ते ३ म्हणजे सहसा अयोग्य. नव्याने सुरू झालेली साधी कंबरदुखी, ताप नाही, वजन घटलेले नाही, पायातली शक्ती कमी नाही, अशा वेळी एमआरआयला कमी गुण मिळतात.

अमेरिकेने २०१४ साली कायदाच केला, की ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ योजनेत सीटी, एमआरआय लिहिण्याआधी असे सॉफ्टवेअर पाहावे. २०२० पासून चाचणी चालली, पण बिलांशी त्याची सांगड जमेना. दंडाची तारीख पुढे पुढे जात राहिली आणि १ जानेवारी २०२४ पासून ती योजना स्थगित झाली. सल्ला चांगला होता, सक्तीची यंत्रणा अडखळली.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. २०१७ साली महाराष्ट्र सरकारला ‘कट प्रॅक्टिस’विरुद्ध कायद्याचा मसुदा करण्यासाठी समिती नेमावी लागली. तपासणीमागे कमिशन असेल, तर डॉक्टर संगणकात हवे ते कारण भरू शकतो. यंत्र भरलेल्या कारणावरच विश्वास ठेवते. रुग्णाचा चेहरा त्याला दिसत नाही.

म्हणून आमच्या सॉफ्टवेअरवाल्या मित्रांना विनंती, की डॉक्टरांना अडवणारे नव्हे, योग्य वेळी आठवण देणारे साधन बनवा. आणि आपणा सर्वांना विनंती, की स्कॅनची चिठ्ठी हातात पडली की नम्रपणे विचारा: “डॉक्टर, यातून काय कळेल? कळल्यावर उपचार बदलतील का? थोडे थांबलो तर चालेल का?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि डॉक्टर “स्कॅन नको” म्हणाला, तर त्याने हयगय केली असे समजू नका. “नको” म्हणायला कधी कधी जास्त विचार करावा लागतो.

 गणपती बाप्पा मोरया!