संशोधकाचे माप



वैद्यकातील संशोधकाची थोरवी हल्ली दोन आकड्यांनी सांगतात. त्याने लेख किती छापले हा एक, आणि ते लेख इतरांनी आपल्या लेखांत आधार म्हणून किती वेळा उल्लेखिले हा दुसरा. या दुसऱ्याला ‘सायटेशन’ म्हणतात. नेमणुका, बढत्या आणि अनुदाने यांचा निर्णय करताना हे आकडे पुढे ठेवले जातात, तेव्हा हे माप कितपत खरे, हे आपणही पाहावयास हवे. त्यासाठी आम्ही एकच माणूस निवडला आहे : कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे.

पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडे लोटून देण्याची आपल्याकडची चाल वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. या रोगात माणूस काही तासांत पाण्यावाटे रिता होतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात या रोगाचे जंतू वेगळे केले आणि ते काही विष निर्माण करीत असावेत, असा तर्कही केला. पण पुढे पाऊणशे वर्षे ते विष कोणाला दाखविता आले नाही. शोधणारे ते जनावरांच्या रक्तात आणि शरीरात इतरत्र टोचून पाहत होते. रोग मात्र आतड्यात होता!

डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांस दोऱ्याने बांधला आणि मधल्या पोकळीत जंतू सोडले. तुकडा पाण्याने तट्ट फुगला. हे १९५३ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी जंतू गाळून काढले आणि मागे राहिलेले निर्जंतुक द्रव तसेच आतड्यात घातले, तरीही आतडे फुगले. म्हणजे पाणी ओढणारे ते विषच होते. हा शोध ‘नेचर’ नियतकालिकात १९५९ साली दोन पानांत छापला गेला. ना मोठे यंत्र, ना मोठा खर्च. ससा, दोरा आणि नेमका विचार.

आता गंमत पाहा. या दोन पानांकडे सुरुवातीस कोणी फारसे लक्षच दिले नाही. एखाद्या निवडसमितीने तेव्हा डे यांचे आकडे मागितले असते, तर तिला काय दिसले असते? एक प्राध्यापक, थोडे लेख, त्याहून थोडे उल्लेख. पुढे १९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात मिळविले, पटकीच्या संशोधनाला भरती आली आणि वाट मागे मागे नेत लोक कलकत्त्याला पोचले.

उलट बाजूही पाहू. ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१ सालचा, प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा लेख तीन लाखांहून अधिक वेळा उल्लेखिला गेला आहे. इतके उल्लेख क्वचितच कोणा लेखाच्या वाट्याला आले असतील. पण स्वतः लॉरी त्याला मोठा शोध मानीत नसत. रोजच्या पळीला जितके हात लागतात तितके देव्हाऱ्यातल्या समईला लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय उंटाच्या लग्नात गाढवांनी गावे, तसे एकमेकांचे उल्लेख करून आकडा फुगविणारेही असतात. २००५ साली हिर्श या पदार्थवैज्ञानिकांनी ‘एच-निर्देशांक’ काढला : वीस लेख प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेखिले गेले की निर्देशांक वीस. सोय झाली खरी. पण एकाच लेखाने रोगाचे मर्म उघडणाऱ्याला या हिशेबात त्या लेखापुरता एकच गुण!

तरीही मोजणीवर सरसकट दगड मारण्यास आम्ही तयार नाही. उल्लेखांची सूची सुरू करणारे यूजीन गारफील्ड यांनीच १९८६ साली पटकीच्या संशोधनाचा नकाशा मांडून त्यात डे यांचे स्थान जगाला दाखविले. कोण कोणाच्या खांद्यावर उभा आहे, हे त्या सूचीतून उमगते. मात्र ती वाचावी लागते. नुसती बेरीज करून भागत नाही.

आणि वाचणारे डोळे होते. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव त्या पारितोषिकासाठी एकाहून अधिक वेळा सुचविले. नोबेल प्रतिष्ठानाने १९७८ साली पटकीवर भरविलेल्या परिसंवादाला त्यांना सन्मानाने बोलाविले. येथे मात्र त्यांच्या हयातीत एकाही विज्ञान-अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले नाही. १९७३ साली ते निवृत्त झाले, १९८५ साली वारले. बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला तो १९९० साली.